एक मशीन, दोन डिस्क: मंगळवार पेठेतल्या एका घराचं ड्युअल बूट

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं जॉबवर्क. मोठी मुलगी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं सर्व्हर बाजूचं प्रोग्रॅमिंग घरून करते. धाकटा भाऊ बी.कॉम.ला आहे आणि रात्री मित्रांची टीम जमली की व्हॅलोरंट खेळतो. घरात कॉम्प्युटर एकच, काही वर्षांपूर्वी राजारामपुरीत असेंबल करून घेतलेला: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ४८० जीबीची साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क.

माझ्याकडं आलेली मागणी साधी वाटत होती. मुलीला कामासाठी लिनक्स हवं, भावाला गेमसाठी विंडोज हवं, म्हणून एकाच मशीनवर दोन्ही टाकायचं आणि चालू करताना एक निवडायचं, म्हणजेच ड्युअल बूट. शिवाय भावाचा गेम काही दिवसांपासून चालतच नव्हता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून त्याच्या मित्रानं मशीन पात्र आहे का या तपासण्या वगळून विंडोज ११ चढवलं होतं, आणि तेव्हापासून गेम उघडला की व्हॅन ९००३ असा कोड दाखवून बंद पडत होता.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण ड्युअल बूट म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: लिनक्सला किती जीबी द्यायचे? या घरात तो प्रश्न सगळ्यात शेवटी आला, आणि सगळ्यात सोपा निघाला. खरी वाटणी जागेची नसते. एक बाजू बिघडली तर दुसरी अडकणार नाही, याची असते.

कोण कधी बसतं

मुलगी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत. भाऊ रात्री नऊनंतर. वडील रविवारी भल्या पहाटे, बिलं करायला. एक्सेलमध्ये त्यांची स्वतःची बसवलेली फाइल आहे. म्हणजे वेळा एकमेकांवर येत नाहीत आणि ड्युअल बूटला हे घर योग्य आहे. दोघांना एकाच वेळी मशीन लागत असेल तर ड्युअल बूट हा उपायच नव्हे.

मग विचारलं, काय बंद पडलं तर चालेल? भावाचं उत्तर प्रामाणिक होतं, एखादा दिवस गेम नाही झाला तर चालतंय. वडील म्हणाले, "माझी जुनी बिलं जाणार नाहीत नव्हं? बाकी काय बी करा." मुलीनं मात्र मला ठामपणे सांगितलं: "दादा, सकाळी दहाला माझा कॉल असतोय. त्यावेळी मशीन चालू पाहिजे म्हंजे पाहिजे."

इथंच आराखडा ठरला. गेमच्या बाजूला काहीही होवो, विंडोज अपडेट अडकू दे, गेमचा ड्रायव्हर बिघडू दे, फॉरमॅट मारावं लागू दे, सकाळी दहाला लिनक्स चालू झालं पाहिजे. त्यासाठी कामाची डिस्क वेगळी. एका डिस्कचे भाग करून दोन्ही बसवता येतात, पण मग ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूट व्हायच्या फाइलींचा भाग, एकच होतं, आणि विंडोज स्वतःसाठी ते साधारण १०० एमबीचंच करतं. त्यात दोघांचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) राहतात, आणि एकाची दुरुस्ती करताना दुसऱ्याला धक्का लागतो. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यायची ठरली. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट रिकामाच होता.

बाकीचे पर्यायही पाहिले. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल नावाच्या सोयीवर लिनक्स चालवता येतं आणि बऱ्याच प्रोग्रॅमरचं काम त्यावर निभावतं. पण ते रॅममधली निम्मी जागा घेऊ शकतं, आणि मूळ अडचण तशीच राहते: विंडोज अडलं की कामही अडलं. उलट बाजूनं, लिनक्स कायम ठेवून आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) विंडोज चालवलं तर व्हॅलोरंट तिथं चालत नाही. त्याची व्हॅनगार्ड नावाची फसवणूक-रोधक यंत्रणा विंडोजच्या कर्नलपर्यंत, म्हणजे गाभ्यापर्यंत, जाऊन बसते आणि व्हर्च्युअल मशीन स्वीकारत नाही. लिनक्सवर थेट चालवण्याचा तर प्रश्नच नाही. व्हाल्व्ह या गेम कंपनीनं २०१८ साली प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे असंख्य गेम लिनक्सवर छान चालतात, पण कर्नल पातळीची अशी यंत्रणा लिनक्सवर चालवायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. भाऊ एकट्यानं खेळायचे गेम खेळत असता तर मी त्याला फक्त लिनक्सवरच बसवलं असतं. इथं गेम एकच आणि तोच अडलेला, त्यामुळं विंडोज राहणार हे नक्की.

आणखी एक गोष्ट मुलीला आधीच करायला सांगितली: घरच्या मशीनवर काम करायला कंपनीची लेखी परवानगी घ्यायची. ती ईमेलवर आली, सोबत अट आली की कामाची डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असावी. ही अट आधी कळली म्हणून बरं झालं. लिनक्स टाकून झाल्यावर आली असती तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं असतं.

जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज

गेम का अडला होता? विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू लागतं. भावानं एक व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, सिक्युअर बूट चालू करून पाहिलं होतं. मशीन विंडोजपर्यंत गेलंच नाही, थेट बायोसमध्ये परत आलं. विंडोज उडालं म्हणून घाबरून त्यानं सगळं पूर्ववत केलं.

विंडोज उडालं नव्हतं. सिस्टिम इन्फर्मेशन उघडली, तिथं बायोस मोडसमोर 'लेगसी' लिहिलेलं होतं. मशीन असेंबल झालं तेव्हा विंडोज जुन्या पद्धतीनं, एमबीआर नावाचा पार्टिशनांचा जुना तक्ता असलेल्या डिस्कवर टाकलं होतं. बायोसमध्ये सीएसएम नावाची सोय चालू असते तोवर असं विंडोज सुरू होतं. सिक्युअर बूटला मात्र यूईएफआय ही नवी पद्धतच लागते, त्यासाठी सीएसएम बंद करावं लागतं, आणि सीएसएम बंद झालं की एमबीआर डिस्कवरचं विंडोज बायोसला दिसतच नाही. डेटा जागच्या जागी असतो, फक्त बूट होण्याची वाट बंद झालेली असते. हे ठाऊक नसल्यानं लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात.

विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन येतं, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. ते डेटा न पुसता डिस्कचा तक्ता एमबीआरवरून नव्या जीपीटीत बदलतं आणि ईएफआय पार्टिशन तयार करतं. पण त्याची अट आहे: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन हवीत, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल एकही नको. आपल्याकडं डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून द्यायची पद्धत आहे. इथंही तसंच. सी प्रायमरी, डी आणि ई एक्स्टेंडेडच्या पोटात. साधनानं तपासणीतच नकार दिला.

डी म्हणजे वडिलांचा संसार. 'पार्टी बिलं', 'कोटेशन', आणि जॉबचे फोटो: कुठल्या कास्टिंगला कुठं ब्लोहोल निघाला, कुठला बोअर किती राहिला, असे मोबाइलवर काढून टाकलेले शेकडो. ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवले, चार फाइली उघडून बघितल्या, मग हार्ड डिस्कवर दुसरी प्रत केली. ई वर गेम होते, तेही तात्पुरते हार्ड डिस्कवर हलवले. नंतर डी, ई आणि एक्स्टेंडेड काढून टाकलं. आता तपासणी पास झाली.

इथं एक बारकी गोष्ट महत्त्वाची होती. वडिलांच्या एक्सेलमधल्या फाइली एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि त्या जोडण्यांत डी ड्राइव्हचा पत्ता होता. म्हणून हार्ड डिस्कला विंडोजमध्ये डी हेच अक्षर दिलं आणि फोल्डरांची नावं जशीच्या तशी ठेवली. त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही.

क्रमाला इथं फार महत्त्व आहे. आधी बायोस अपडेट. त्यानं सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात, म्हणून ते शेवटी करायचं नसतं. शिवाय एएमडीच्या प्रोसेसरमधल्या टीपीएममुळं मशीन अधूनमधून अडखळायचं, त्यावरची दुरुस्ती २०२२ मध्ये बायोस अपडेटमधूनच आली होती आणि या बोर्डावर त्याआधीचीच आवृत्ती होती. मग बायोसमधून टीपीएम चालू. मग विंडोजमधून डिस्कचं रूपांतर. आणि त्यानंतरच सीएसएम बंद.

बायोस अपडेटच्या वेळी लाईट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. दिवस पावसाळ्याचे, लाईटचा भरवसा नव्हता. घरात इन्व्हर्टर होता, पण मशीन त्यावर असूनही लाईट गेली की रिस्टार्ट व्हायचं, अशी सगळ्यांची तक्रार. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, यूपीएस मोडचं. ते दुसऱ्या बाजूला होतं. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर झटकन ताबा घेतो, नाहीतर पंखा-ट्यूबलाइटला चालेल एवढा खंड पडतो आणि कॉम्प्युटर बंद पडायला तेवढा खंडही पुरतो. बटण फिरवलं, मेन स्विच पाडून मशीन चालू राहतंय हे पाहिलं, आणि मगच अपडेटला हात घातला.

सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरळीत आलं. सिक्युअर बूट मात्र बायोसमध्ये चालू केलं तरी विंडोजमध्ये बंदच दिसत होतं. बऱ्याच बोर्डांवर असं होतं, कारण सिक्युअर बूटच्या किल्ल्याच बायोसमध्ये भरलेल्या नसतात. फॅक्टरीच्या किल्ल्या पुन्हा भरायचा पर्याय त्याच पानावर असतो. तो दिल्यावर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सिक्युअर बूट 'ऑन' आलं, आणि गेम उघडला. भाऊ खूश. खरं काम इथून पुढं.

गेमनं घातलेली अट आणि कामानं पाळलेली

लिनक्स टाकताना अडचण आली की नेटवर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: सिक्युअर बूट बंद करा. भाऊसुद्धा म्हणाला, "ताई, ते बंद करूनच लिनक्स चालतंय म्हणत्यात सगळे." ताई म्हणाली, "मग रात्री तुझा गेम कसा चालणार?" रोज रात्री बायोसमध्ये जाऊन चालू करायचं आणि सकाळी बंद, हे कुणी दोन दिवसांपलीकडं करत नाही. त्यामुळं या घरात सिक्युअर बूट कायम चालू राहणार, आणि लिनक्सनं त्यातच नीट नांदायचं, हे ठरवून घेतलं.

त्यात काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असतात, आणि त्या किल्लीची सही असलेलाच प्रोग्रॅम बूट होतो. लिनक्सचा स्वतःचा बूटलोडर त्यांच्या सहीचा नसतो. म्हणून मध्ये शिम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि त्याच्या पोटात लिनक्स बनवणाऱ्यांची किल्ली असते. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर पाहुण्याला आत घ्यायला ओळखीचा कामगार यावा लागतो, तसं हे काम. शिम ग्रबची (लिनक्सच्या बूटलोडरची) सही तपासतो, ग्रब कर्नलची, आणि कर्नल आपल्यात येणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे जोडभागाची. साखळीत एक कडी जरी बिनसहीची निघाली तरी तिथंच अडतं.

म्हणून लिनक्सपैकी उबुंटू २४.०४ निवडलं. एक तर ती दीर्घ आधाराची आवृत्ती आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतात. दुसरं, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची सही केलेली मॉड्यूल उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून येतात. या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, सगळा डिस्प्ले कार्डावर. त्यामुळं हा ड्रायव्हर अडला असता तर मुलीच्या दोन मॉनिटरांचं गणित बिघडलं असतं. तो भांडारातूनच घ्यायचा, एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवून स्वतः बसवायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

अडलं ते व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सवर. तिच्या टीमला एका जुन्या ग्राहकाची व्यवस्था तपासायला ते लागतं. त्याची कर्नल मॉड्यूल आपल्याच मशीनवर तयार होतात, त्यामुळं त्यांच्यावर बाहेरच्या कुणाची सही नसते. सुरू केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा निरोप. इथंच लोक कंटाळून सिक्युअर बूट बंद करतात.

रीतसर मार्ग असा. मशीनवरच एक किल्ली तयार होते आणि तिनं मॉड्यूलवर सही होते. ती किल्ली मालकाची म्हणून शिमच्या यादीत नोंदवावी लागते, तिला एमओके म्हणतात. पॅकेज बसवताना एक पासवर्ड मागितला जातो, आणि रिस्टार्ट मारल्यावर निळ्या पडद्यावर विचारणा येते. तो पडदा साधारण दहा सेकंदच थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन नेहमीसारखं चालू होतं, नोंद मात्र होत नाही, आणि किल्ली नोंदवायची विनंती पुन्हा द्यावी लागते. म्हणून रिस्टार्टच्या आधीच मुलीला समोर बसवलं, पासवर्ड साधा इंग्रजी अक्षरांचा ठेवला कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीनंच चालतो, आणि एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट हे तिच्याच हातून करून घेतलं. पुढं बायोस अपडेट मारलं तर ही नोंद पुसली जाऊ शकते. तेव्हा ती घरात एकटी असेल, म्हणून हात तिचाच बसलेला बरा.

दोन डिस्क वेगळ्या असल्या तरी मदरबोर्ड एकच, हे इथं विसरून चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटनं जुन्या, सदोष बूटलोडरांना नाकारणारी यादी बायोसच्या स्मृतीत भरली. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ती लागू होऊ नये असा हेतू होता, पण काही मशीनवर ड्युअल बूट ओळखलंच गेलं नाही आणि जुनं शिम असलेली लिनक्स एका रात्रीत उठेनाशी झाली. डिस्क वेगळी असून उपयोग नव्हता, कारण ती यादी डिस्कवर नव्हतीच. यावर उपाय एकच, लिनक्सची बाजू अपडेट ठेवायची, महिनोन्महिने तशीच सोडायची नाही. ही मुलगी रोज लिनक्स वापरणार असल्यानं धोका कमी; जिथं लिनक्स वर्षातून दोनदा उघडलं जातं तिथं जास्त. याच कारणानं सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांकडंही लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात. मुदत संपली म्हणून चालू मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण पुढची शिम नव्या किल्लीनं सही झालेली येणार, आणि ती बायोसला ओळखता आली पाहिजे. दोन्ही बाजूंचे अपडेट आणि बायोसचे, म्हणजे फर्मवेअरचे, अपडेट घेत राहणं त्यासाठी लागतं.

केबल काढून लिनक्स

लिनक्स टाकण्याआधी मशीन बंद केलं, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि विंडोजच्या एसएसडीची साटा केबल काढून ठेवली. हार्ड डिस्कचीही. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दाखवली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकायची खोड होती. नव्यात बूटलोडर कुठं जाणार ते निवडता येतं. तरीही केबल काढलेली असली की चुकून पुसलं जायला समोर काही उरतच नाही. वडील शेजारी उभे होते; केबल हातात दाखवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

एनव्हीएमईवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन निवडलं. सुरू होताना पासफ्रेज (लांब पासवर्ड) मागते. ती विसरली तर डेटा गेला, कुणी काढून देऊ शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून आईच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये.

या एन्क्रिप्शनचा कंपनीच्या अटीपलीकडचा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. रात्री विंडोज चालू असतं तेव्हा गेमची यंत्रणा सर्वोच्च अधिकारानं चाललेली असते, शिवाय भावानं कुठून काय उतरवलं असेल ते वेगळं. कामाची डिस्क त्याच मशीनमध्ये, पण कुलूपबंद. विंडोजमधून वाचता येत नाही. पुसता मात्र येते. म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती डिस्क 'ऑफलाइन' करून ठेवली, आणि भावाला दाखवून ठेवलं की तिथं अनोळखी पार्टिशन दिसलं तरी फॉरमॅटला हात लावायचा नाही. मुलीचं काम रोज कंपनीच्या गिट सर्व्हरवर जातंच, त्यामुळं डिस्क गेली तरी फार तर एका दिवसाचं काम जाईल.

बूटचा क्रम: एनव्हीएमई पहिली. मशीन चालू केलं की लिनक्स, न विचारता. विंडोज पाहिजे त्यानं चालू करताना बूट मेन्यूची फंक्शन की दाबायची. ग्रबच्या यादीत विंडोज घेतलंच नाही, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांची खबरही नाही. भावाला की दाबायचं लगेच जमलं. वडिलांसाठी मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला. कधी कधी विंडोजचं मोठं अपडेट स्वतःला यादीत वर आणून ठेवतं; तसं झालं तर बायोसमध्ये क्रम परत लावायचा.

घड्याळ आणि अर्धवट झोपलेलं विंडोज

दोन गोष्टी आधी सांगून ठेवल्या नाहीत तर आठवड्यात फोन येतो.

पहिली घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स जागतिक वेळ. आपल्याकडं फरक साडेपाच तासांचा. दिवसभर लिनक्स चालून रात्री नऊला विंडोज उघडलं की ते दुपारचे साडेतीन दाखवतं, इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत. गेमच्या लॉगिनला ते खटकू शकतं, पण मला काळजी वडिलांची होती. ते पहाटे पाचला बसतात. त्याआधी शेवटी लिनक्स चाललेलं असेल तर विंडोज तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा दाखवणार, आणि त्यांच्या बिलात तारीख आपोआप येणारी आहे. बाकी वेळी एका दिवसाचा फरक. १ एप्रिलच्या पहाटे मात्र बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलं असतं.

उपाय दोन्ही बाजूंनी करता येतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. भारतात उन्हाळी वेळ नसल्यानं त्यात धोकाही कमी. मी विंडोजला जागतिक वेळ पाळायला लावलं, कारण कामाच्या बाजूला शक्यतो मूळ मांडणीच ठेवायची हे धोरण. रजिस्ट्रीत टाइमझोन इन्फर्मेशनच्या नोंदीखाली 'रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल' हे नाव सलग एका शब्दात लिहून त्याची किंमत १ द्यायची. दोन्हीकडं एकदम बदल करायचा नाही, नाहीतर गोंधळ उलटा होतो.

दुसरी फास्ट स्टार्टअप. विंडोज 'शट डाउन' केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं. तेव्हा त्याची पार्टिशन उघडी धरलेली असतात. लिनक्समधून तिथं लिहायला गेलं तर लिनक्स नकार देतं किंवा फक्त वाचू देतं, आणि जबरदस्ती केली तर फाइली खराब होतात. विंडोजमध्ये हायबरनेशनच बंद केलं की फास्ट स्टार्टअपही जातं. एसएसडीवर चालू व्हायला काही सेकंद जास्त, एवढंच.

सामाईक जागेबद्दल बरीच चर्चा झाली. मुलीला हार्ड डिस्कवरचे घरचे फोटो लिनक्समधून दिसायला हवे होते. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ आवृत्तीपासून एनटीएफएससाठी (विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीसाठी) लिहिता येणारा ड्रायव्हर आहे, तरी मी ती डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यासाठीच जोडली. वडिलांची बिलं त्याच डिस्कवर आहेत आणि त्यांवर एकाच बाजूनं लिहिलं जावं. भावानं विचारलं, गेमचं एकच फोल्डर दोन्हीकडं वापरता येईल का, म्हणजे सुट्टीत लिनक्सवर प्रोटॉनमधून काही खेळून बघता येईल. एनटीएफएसवर ते करू नये. प्रोटॉन आपल्या फोल्डरात 'सी' आणि पुढं कोलन अशा नावाचे दुवे तयार करतं. विंडोजला नावातलं कोलन चालत नाही, आणि पुढं डिस्क तपासताना त्या नोंदी चूक म्हणून धरल्या जातात. लिनक्सवर खेळायचं तर लिनक्सच्या डिस्कवर वेगळं उतरवायचं.

काय सुटलं, काय नाही

मशीन सुरळीत चालू आहे. विंडोजच्या एका अपडेटनंतर भावाच्या बाजूला ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागला. सकाळी दहाच्या कॉलला त्याचा पत्ताही लागला नाही, आणि एवढा सगळा खटाटोप त्यासाठीच होता. १६ जीबी रॅम दोघांना पुरते, कारण एका वेळी एकच बाजू चालते आणि तिला सगळी मिळते. डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअल मशीन घेतलं असतं तर रॅम आधी वाढवावी लागली असती.

एन्क्रिप्शनची एक बाजू विंडोजकडंही पाहून ठेवली. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नव्यानं टाकली तर ती डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करते. इथं जुन्यावरच चढवलेलं असल्यानं तसं झालेलं नाही. पण उद्या भावानं फॉरमॅट मारून नव्यानं टाकलं तर होईल, आणि मग बायोस अपडेटनंतर विंडोज रिकव्हरी की मागेल. ती कुठं मिळते, ते खात्यात जाऊन त्याला दाखवून ठेवलंय.

न सुटलेली गोष्ट एकच आहे. मुलीच्या कंपनीत आता रात्रीच्या ड्युटीची पाळी सुरू होणार आहे, महिन्यातला एक आठवडा. सर्व्हर पडला तर रात्री कधीही फोन येऊ शकतो, आणि त्यावेळी भाऊ मित्रांबरोबर मॅचच्या मधोमध असेल. गेम सोडून मशीन रिस्टार्ट मारायचं, पासफ्रेज द्यायची, व्हीपीएन जोडायचा, यात जाणारी मिनिटं अशा वेळी परवडत नाहीत. त्या आठवड्यात रात्री मशीन लिनक्सवरच राहील, असं दोघांनी आपसात ठरवलंय. कंपनीकडं लॅपटॉप मागायलाही तिला सांगितलंय. तो मिळाला तर एनव्हीएमई डिस्क रिकामी करून द्यायची की तशीच राखीव ठेवायची, हे तेव्हा बघू. माझं मत राखीव ठेवण्याच्या बाजूचं आहे, फक्त दर आठवड्याला एकदा चालू करून अपडेट घ्यायचे.